बटणचा कौल

मार्च संपत आला की डुलूथ बंदरातल्या माणसांचे कान सरोवराकडे लागतात. हिवाळाभर मुकं पडलेलं बर्फ आधी कुरकुरतं, मग कडाडतं, आणि एका सकाळी पुलापलीकडून पहिल्या जहाजाचा भोंगा येतो. त्या भोंग्याबरोबर गावातली कितीतरी घरं पिशव्या भरायला लागतात. लायल कोस्कीच्या घरी निरोप घेण्यासारखा एकच जीव होता, आणि त्याला चार पाय होते.

लायल खनिज वाहणाऱ्या जहाजावर सुकाणू धरतो. जहाज एकदा सुटलं की पुढचं बर्फ पडेपर्यंत त्याचं घर पाण्यावर. त्याच्या कुत्र्याचं नाव अँकर. अँकर म्हणजे जहाजाचा नांगर. पण हा नांगर एका जागी ठरेल तर शपथ. अंगाने वासराएवढा, रंगाने करपल्या पावासारखा, आणि डोक्याने अजून पिल्लूच. मालक बाहेर असताना कुत्री ठेवून घेणाऱ्या गावातल्या दोन सांभाळघरांनी त्याला दांडगट म्हणून परत पाठवलं होतं. तिसरं घर आमचं. चौथं गावात नाही. आम्हीही नको म्हटलं असतं, तर शनिवारी जहाजावर चढण्याआधी लायलने त्याला बेवारशी कुत्र्यांच्या ज्या निवाऱ्यातून आणलं होतं, तिथेच परत नेऊन सोडावं लागलं असतं. आणि तीन दारांवरून परतलेल्या एवढ्या मोठ्या कुत्र्याला तिथे कोणी मागायला येत नाही. लायल हे कधी बोलला नाही. तो रोज सकाळी अँकरला सोडायला यायचा आणि दारातच विचारायचा, "आज कसा वागला?"

"आत्ताच आलाय तो," मी म्हणायची. "अजून काही वागायला वेळ तरी दे त्याला."

आमचं घर म्हणजे माझ्या नणंदेचं घर. व्हर्ना माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. माशांच्या जुन्या गोदामात तिने हा संसार मांडला. पुढे न्हाणी; तिथे ती स्वतः कुत्र्यांची आंघोळ, केस, नखं बघते. मधे काचेची टाकी, तिच्या तळाशी फिरता पट्टा. पोटाशी लागेल एवढ्या कोमट पाण्यात दुखरे पाय तिथे पुन्हा चालायला शिकतात. आणि मागे सरोवराच्या बाजूला कुंपण घातलेलं अंगण. ते अंगण माझं. कुत्री तिथे खेळतात, मी त्यांना बघते. कोणाचे कान मागे पडले, कोणाची शेपटी ताठली, कोण कोणाला कोपऱ्यात दाबतंय, कोणाला जरा बाजूला नेऊन श्वास घेऊ द्यायला हवा. दिवसभर नुसतं बघणं. लोकांना हे काम वाटत नाही. व्हर्नाला वाटतं, पण ती सरळ म्हणेल तर ती व्हर्ना कसली.

"माझ्या भावाकडे बघून बघून तुझ्या डोळ्यांना सवय झालेली होती," ती म्हणते, "म्हणून तुला घेतलं, इंगा. त्याच्यात तरी काही बघण्यासारखं हलतं का? त्यापेक्षा कुत्री बरी."

अशी जीभ, आणि हात मात्र लोण्याचे. घाबरलेलं कुत्रं न्हाणीत आलं की ती काही सांगत नाही, समजावत नाही. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ पंजांवरून धुवायला पाणी सोडते आणि गुणगुणते. चाल तीच, शब्द दर वेळी वेगळे.

*पहिलं पाणी पायांवर, रस्त्याचं मीठ गेलं,*
*दुसरं पाणी पाठीवर, ओझं हलकं झालं,*
*तिसरं पाणी कानामागं हळूच गं सांडलं,*
*भ्यालेलं काळीज माझ्या हातांत नांदलं.*

या हिवाळ्यात हे गाणं सगळ्यात जास्त कोणी ऐकलं असेल, तर बटणने.

बटण ही आयोनी बर्गस्टाडची कुत्री. बीगल जातीची. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिगळं, आणि लोंबते कान असे मऊ की पीळ घालून बघावेसे वाटावेत. आयोनी शाळेची पिवळी बस चालवते. बटण वर्षानुवर्षं तिच्या आसनामागच्या टोपलीत बसून फिरली. थांबा आला, पोरं ओरडली, की बटण नाक वर करून त्यांना उत्तर द्यायची. बीगलला देवाने आधी गळा दिला आणि मग त्याला कुत्रं जोडलं. टेकडीच्या रस्त्यावरच्या म्हाताऱ्या बायका घड्याळ न बघता म्हणायच्या, बटण गेली, म्हणजे शाळेची वेळ झाली.

गेल्या शरद ऋतूत एका थांब्यावर पोरांना बघून बटणने वरच्या पायरीवरून उडी मारली. पुढचे पाय रस्त्यावर आले. मागचे आलेच नाहीत. म्हणजे होते जागेवर, पण तिचे राहिले नव्हते. पाठीच्या कण्यातली चकती सरकली होती. मोठ्या शहरातल्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली, आणि मग सगळा हिवाळा ती आमच्या टाकीत चालली. पहिल्यांदा मागचे पाय नुसतेच पाण्यात तरंगायचे, ओल्या फडक्यांसारखे. मग एका दिवशी एक बोट पट्ट्याला टेकलं. मग पंजा. नाताळाच्या सुमारास ती झिंगल्यासारखी चालत होती, आणि बर्फाचे ढीग खचू लागले तोवर नीट.

पाय आले. आवाज आला नाही. शस्त्रक्रियेच्या दिवसापासून बटणने तोंडातून हूं की चूं काढलं नव्हतं. घशात काही दोष नाही, असं दोन डॉक्टरांनी सांगितलं. दाराची घंटा वाजो, खार दिसो, शेजारची मांजर खिडकीत येऊन बसो. ती बघायची आणि गप्प राहायची. आयोनी सुरुवातीला रोज विचारायची, "आज काही बोलली का?" मग तिने विचारणंही सोडलं.

आणि ती बटणला खाली ठेवायची नाही. आजारी कुत्र्यांसाठी पोटाखालून घालायचा एक रुंद पट्टा असतो, वर धरायला मूठ. पिशवीसारखं कुत्र्याचं मागचं अंग उचलून धरता येतं. फेब्रुवारीत डॉक्टर म्हणाले, आता पट्टा काढा, तिला मऊ जमिनीवर हिंडू द्या, शांत सोबत द्या. आयोनीने मान हलवली आणि पट्टा तसाच ठेवला. सकाळी ती बटणला उचलून आणायची, माझ्या हातात मूठ द्यायची, आणि तिची बोटं त्या मुठीवरून सुटायला वेळ लागायचा.

"उडी मारू देऊ नकोस हं."

"नाही देत."

"कोणी अंगावर पडलं तर?"

"मी आहे ना, आयोनी."

"मीही होते," ती म्हणायची, आणि जायची.

शांत सोबत म्हणून मी बटणसाठी एक म्हातारी लॅब्रॅडॉर निवडली होती. बटणने तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. तिने निवडला अँकर. का, ते मला सांगता येणार नाही. ती अंगणाच्या कडेला उभी होती, तो दुसऱ्या टोकाला कोणाला तरी आडवं पाडत होता. त्याने तिला बघितलं आणि थांबला. मग तो पोट जमिनीला लावून, चारही पाय पसरून, सरपटत सरपटत तिच्याकडे आला. एवढं धूड, आणि चटईसारखं सपाट. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. तिच्यापासून हातभर अंतरावर तो कुशीवर झाला आणि पोट दाखवून पडून राहिला. बटणने त्याचा कान हुंगला. दुसऱ्या दिवशी तो कान चाटला. तिसऱ्या दिवशी चावला. मी दर वेळी गुडघ्यावर बसून, दोघांच्या मधे हात घालता येईल एवढ्या जवळ. तो एकदाही तिच्यासमोर उभा राहिला नाही.

त्या गुरुवारी सकाळी दोघं पेंढ्याच्या ढिगापाशी होती. बटणने त्याचा कान दातात धरून ओढला. त्याने मान वळवली, तोंड उघडलं, आणि तिची मान अलगद जबड्यात घेतली. पुढचा एक पंजा तिच्या खांद्यावर आला. हे कुत्र्यांच्या खेळात रोज होतं. पण त्या क्षणी मला एक आवाज आला. खोल, खरखरीत, पोटातून आलेला. गुर्रर्र. मी पटकन अँकरचा गळा चाचपला. गुरगुरणाऱ्या कुत्र्याचा गळा हाताला कळतो. त्याचा गळा शांत होता. मग माझा हात बटणच्या छातीवर गेला, आणि ती छाती थरथरत होती, लहानशा मोटारीसारखी.

मी उठायचंच विसरले. मग पळत न्हाणीच्या दाराशी गेले, पण नजर मागेच. "व्हर्ना! व्हर्ना, बटण बोलली!"

"काय बोलली?" साबणाच्या हातांनी ती बाहेर आली. "तुझ्याबद्दल असेल तर मलाही सांग."

आमच्या अंगणात खांबावर एक कॅमेरा आहे. ज्याचं कुत्रं तो घरबसल्या, कामावरून फोनवर त्याला बघू शकतो. त्यात चित्र येतं, आवाज येत नाही. सकाळची पोरं शाळेत पोचवून आयोनी बस उभी करायची, थर्मासमधली कॉफी ओतायची, आणि बटणला बघत बसायची. त्या सकाळी तिने काय बघितलं, त्याचा विचार करा. एक राक्षस. त्याच्या उघड्या जबड्यात तिच्या लेकराची मान. आणि मी, तिच्या भरवशाची इंगा, पाठ न वळवता का होईना पण दाराकडे पळत निघालेली.

बस आमच्या दाराशी अशी थांबली की खिडक्या हादरल्या.

"सोडव तिला! इंगा, आधी सोडव तिला!"

तोवर दोघं एकाच भांड्यातून पाणी पीत होती. आयोनीने बटणला उचलून कोटात घेतलं, मानेवरचा केस न्‌ केस बाजूला करून बघितला. काही नव्हतं. नुसती लाळ.

"तो खेळत होता, आयोनी," मी म्हटलं. "आणि ऐक तर, ती गुरगुरली. बटण गुरगुरली."

"तो गुरगुरत होता."

"नाही गं. मी हात लावून बघितलं."

"सहा महिने मी रात्री उठून तिच्या तोंडाशी कान लावतेय." आयोनीचा आवाज खाली आला, आणि ती ओरडत होती त्यापेक्षा ते ऐकणं जड गेलं. "माझ्यापाशी नाही बोलली, आणि त्याच्या जबड्यात बोलली? मला खोटा दिलासा देऊ नकोस, इंगा. हा कुत्रा इथे राहणार असेल तर बटण राहणार नाही. आणि मी हे गावात सगळ्यांना सांगेन."

लायल नेमका तेव्हाच दारात आला. अँकरच्या लशींचे कागद द्यायला आला होता. त्याने आयोनीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि सवयीने विचारलं, "आज कसा..." आणि पुढचं गिळलं.

आमच्याकडे एक रीत आहे. दोन कुत्र्यांचा खेळ खरंच दोघांचा आहे की एकाचा जुलूम, अशी शंका आली, की आम्ही विचारतो. वरचढ असेल त्याला धरायचं, खालच्याला मोकळं सोडायचं, आणि गप्प राहायचं. सुटलेला परत त्याच्याकडेच आला, तर खेळ. लांब गेला, तर पुरे झालं होतं त्याला. मग त्या दोघांना पुन्हा एकत्र आणायचं नाही. या घरात व्हर्नाचा शब्द शेवटचा असतो, फक्त इथे नाही. इथे कौल कुत्र्याचा.

"विचारू या," व्हर्ना म्हणाली.

"विचारा," आयोनी म्हणाली. "पण पट्टा राहील. मूठ माझ्या हातात राहील."

मी तोंड उघडलं. व्हर्नाने डोळ्यांनीच मला गप्प केलं.

मी अँकरचा गळपट्टा धरला. आयोनीने बटणला खाली ठेवलं. पोटाखालून पट्टा, वर आयोनीचा हात, आणि त्या हातात एवढा ताण की बटणचे मागचे पंजे जमिनीला जेमतेम लागत होते. अँकर बसला, मग आडवा झाला, मग शेपटीने पेंढा झोडपायला लागला. बटणने त्याच्याकडे बघितलं. मग मान वळवून वर आयोनीच्या तोंडाकडे बघितलं. किती तरी वेळ बघत राहिली. आणि खाली बसली. आणि पुढचा एक पंजा उचलला, लहान मूल हात वर करतं तसा. घे मला.

आयोनीने तिला उचललं. तिला जिंकल्यासारखं वाटलं नाही, ते मला दिसलं. ती म्हणाली, "बघितलंत?"

"बघितलं," व्हर्ना म्हणाली.

"व्हर्ना, पट्टा होता," मी म्हटलं. "पट्टा घातला की तिला वाटतं आता व्यायाम. आणि आयोनी समोर..."

"इंगा." तिने हात पुसले. "उत्तर आवडलं नाही म्हणून तोच प्रश्न पुन्हा विचारायचा, तर विचारायचं कशाला? लायल, आजचा दिवस त्याला बाजूच्या कुंपणात ठेवते. उद्या तू त्याला घेऊन जा."

आमच्याकडे बंद खोल्या दोनच आहेत, आणि त्या आजारी कुत्र्यांच्या. ज्याला अंगणात इतरांबरोबर राहता येत नाही, त्याला आमच्याकडे मुक्काम नाही. हे लायलला ठाऊक होतं. तो हुज्जत घालणारा माणूस नाही. त्याने कागदांची घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा घडी केली.

"मी थोडा वेळ त्याच्यापाशी बसलो तर चालेल?" त्याने विचारलं.

"बस की," व्हर्ना म्हणाली. "वेलदोड्याचा पाव आहे आत. खाऊन घे. उपाशी माणसाकडून कुत्रं काही शिकत नाही." आणि वळून न्हाणीत गेली. पाणी सुटल्याचा आवाज आला, पण गाणं आलं नाही.

आयोनीला दुपारच्या फेरीला जाणं भाग होतं, आणि त्या उडीनंतर बटणला बसमध्ये बंदी होती. तिने बटणला बंद खोलीत ठेवलं, माझ्याशी न बोलता. जाताना पट्टा काढून खुंटीला लावला. कोणी जवळ नसताना कुत्र्याच्या अंगावर पट्टा ठेवायचा नाही, चावून अडकतात, हे तिला पक्कं माहीत होतं.

दुपारी मी बटणला मोकळं व्हायला अंगणात आणलं. बाकीची कुत्री आत झोपलेली. बाजूच्या कुंपणात लायल पालथ्या बादलीवर बसला होता, अर्धा पाव त्याच्या हातात आणि अर्धा अँकरच्या पोटात. बटणने कोपऱ्यात जाऊन आपलं काम उरकलं. मग नाक वर केलं. आणि निघाली. पळाली म्हणवत नाही, मागचे पाय अजून जरा फाकतात. पण ती अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेषेत गेली, जाळीला नाक लावलं, पुढचे पाय टेकवून मागचं अंग वर केलं. ये ना, अशी. अँकर जाळीच्या पलीकडे चटई झाला.

मी तिथेच उभी होते. कोणाला तरी दाखवावंसं वाटलं, आणि दाखवायला लायलशिवाय कोणीच नव्हतं.

फोन वाजला. आयोनी.

"तिला जाळीपासून लांब कर."

"आयोनी, तिला मी नेलं नाही..."

"बघतेय मी. शाळेच्या दारात आहे. घंटा व्हायचीय." माझ्या कानाशी तिचा श्वास, आणि मागे कुठे तरी पोरांचा गलका. "राहू दे," ती शेवटी म्हणाली. "राहू दे तिला तिथे जरा." आणि फोन बंद.

फेरी संपवून बस परत आली, तेव्हा उन्हं टेकडीमागे कलली होती. या वेळी ती दारापर्यंत आली नाही. रस्त्याच्या पलीकडे, कोपऱ्यावर थांबली. पुन्हा फोन वाजला.

"तुला मी दिसतेय का?"

"बस दिसतेय."

"बटणला?"

"मधे गोदामाची भिंत आहे."

"आणि माझा वास?"

"वारा सरोवरावरून येतोय. आमच्याकडून तुझ्याकडे."

"मग पुन्हा विचार तिला." ती घाईघाईने बोलत होती, थांबली तर बोलवणार नाही अशी. "सकाळी ती माझं तोंड बघून बसली, इंगा. माझ्या तोंडावर काय होतं ते मला माहीत आहे. मघाशी जाळीपाशी गेली तेव्हा तिने कोणाचंच तोंड बघितलं नाही. मी इथे बसते. मी येणार नाही. विचार."

मी व्हर्नाकडे बघितलं. ती दारात उभी राहून सगळं ऐकत होती. आयोनीचा आवाज फोनमधून रस्त्यावरही ऐकू येतो.

"माझी भावजय म्हणाली असती तर नाही म्हटलं असतं," व्हर्ना म्हणाली. "तक्रार जिची, प्रश्न तिचा. आण त्याला."

लायलने अँकरला अंगणात आणलं. स्वतः गुडघ्यावर बसला, दोन्ही हात त्याच्या गळ्याभोवती घातले, आणि चेहरा त्याच्या मानेच्या केसांत लपवला. त्याला बघायचं नव्हतं. व्हर्नाने आतून दार उघडलं. मी फोन कानाला लावून कुंपणाशी उभी.

बटण बाहेर आली. अंगावर काही नाही, ना पट्टा, ना मूठ. वितळत्या बर्फाचं पाणी पंजांना लागलं तसा तिने एक पाय झटकला. अँकरने शेपूट हलवली नाही. लायलने त्याला इतकं घट्ट धरलं होतं की त्याला हलता येत नसावं. बटणने त्याच्याकडे बघितलं, आणि वळली. फाटकाकडे गेली. गोदामाच्या बगलेतून रस्त्याकडे उघडणाऱ्या फाटकाकडे. खालच्या फटीला नाक लावून तिने एक मोठा श्वास ओढला.

मी काही बोलले नाही. बोलायचं नसतं. व्हर्ना दाराची कडी धरून उभी होती. बटण फाटकाशी उभी राहिली, तिथल्या खांबाभोवती एक फेरी मारली, खांबाला नाक लावलं, मग काही सापडलं नाही म्हणून सोडून दिलं. आणि परत फिरली. सावकाश. अंगणाच्या मधोमध थांबली. तिथून पुढे मात्र ती थांबली नाही. थेट लायलच्या हातांमधून नाक घुसवलं आणि अँकरचा कान दातात धरून ओढला.

"सोड त्याला," व्हर्ना म्हणाली.

लायलला ऐकूच गेलं नाही.

"अरे लायल, सोड ना त्याला! तिने मागितलाय तो!"

त्याने हात उघडले. अँकर धप्पकन कुशीवर पडला, पाय वर, पोट वर, सगळं आकाशाकडे. बटण त्याच्या गळ्याशी. त्याचा जबडा उघडला, तिची मान त्यात गेली, पंजा खांद्यावर. सकाळचंच सगळं. आणि मग तो आवाज सुरू झाला.

"इंगा," फोनमधून आयोनी म्हणाली, "मला दिसतंय. त्याचा पंजा... इंगा, तो..."

"नुसती बघू नकोस," मी म्हटलं. "ऐक."

मी फोन कानावरून काढला, कुत्र्यांपाशी जाऊन गुडघ्यावर बसले आणि हात लांब करून तो त्यांच्याजवळ धरला. गुर्रर्र, गुर्र, मधेच एक फुरफुर, पुन्हा गुर्रर्र. अँकर मुका होता, जीभ बाहेर टाकून नुसता धापा टाकत होता. बटण त्याच्या छातीवर पुढचे दोन पाय ठेवून उभी राहिली. तिने मान मागे टाकली. कान पाठीवर पडले. तोंड गोल झालं, आणि काही क्षण त्यातून नुसती हवा आली, गंजलेल्या नळातून येते तशी. मग गळा उघडला. लांब, उंच, चढत जाणारा तो बीगलचा सूर, सबंध हिवाळा कुठे जपून ठेवला होता कोण जाणे, अंगणावरून, गोदामावरून, टेकडीवरून गेला. आत झोपलेली सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली.

लायल चिखलात बसून राहिला होता. व्हर्नाने त्याच्या खांद्यावर ओला हात ठेवला.

"शनिवारी किती वाजता सुटतंय जहाज?"

"पहाटे."

"मग उद्या संध्याकाळीच आणून सोड त्याला. पहाटे मी कोणासाठी दार उघडत नाही." आणि दोन पावलं गेल्यावर मागे वळून, "नखं वाढलीत त्याची. कापून ठेवते."

मी फोन परत कानाला लावला. पलीकडे काहीच नव्हतं. मला वाटलं, तुटला.

"आयोनी?"

एक हुंदका आला, मग नाक ओढल्याचा आवाज.

"येतेस आत?"

"नको," ती म्हणाली. "मी आले तर ती थांबेल. आज नको." आणि मग, लहान पोरीसारखं, "तू तो पुन्हा तिच्यापाशी धर ना गं. फोन ठेवू नकोस."

मी पेंढ्यावर नीट बसले, आणि हात लांब केला.